टॅबचा स्पीकर घरघरतो, गुणगुणतो, टकटकतो: रिंगर बदलण्याआधी एवढं करून बघा

खानापूर तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे. २०२० साली मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब आता त्यांच्या रियाजाला आणि सासूबाईंच्या हरिपाठाला वापरात आहे. तंबोऱ्याचं ॲप लावलं की स्पीकर घरघरतो. देवळात भजनाच्या वेळी टॅब साउंड बॉक्सला जोडून चार्जिंगला लावला की ‘गुंऽऽ’ असा आवाज धरतो. आणि रात्री सगळं शांत असताना टॅब मधूनच ‘टक्’ करतो. दुकानात दाखवल्यावर सांगितलं गेलं, ‘रिंगर गेलाय, बोर्डपण बघायला लागंल.’ सांगितलेला खर्च टॅबच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जातो. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की करावा का हा खर्च?

ताई, मी बेळगावात वीस वर्षं मोबाइल आणि टॅब दुरुस्त करतोय. त्याआधी काकांच्या हाताखाली रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडायला शिकलो. तुमचं सगळं वाचल्यावर मला वाटतं, हा एक बिघाड नाहीच. हे तीन वेगळे आवाज आहेत आणि तिन्हींची कारणं एकमेकांशी संबंध नसलेली असू शकतात. तिन्ही एकाच टॅबमधून येतात म्हणून एका रिंगरवर ढकलले गेले. (आमच्या धंद्यात मोठ्या आवाजाच्या स्पीकरला रिंगरच म्हणतात, दुकानात तोच शब्द ऐकाल.) रिंगर खरोखर खराब असेलही. पण बदलून घेतला तरी देवळातला ‘गुंऽऽ’ तसाच राहील, एवढं मी टॅब न बघता सांगू शकतो.

टॅब माझ्या टेबलावर नसल्यामुळे बाकीचं बरंच तुमच्या टॅबच्या मॉडेलवर, तो कुठे ठेवता त्यावर आणि चार्जर कुठला आहे त्यावर अवलंबून आहे. पण एक सवय तुम्हीही लावून घ्या. आवाज कसा आहे हे सांगण्याआधी तो कधी येतो आणि काय केलं की जातो, हे बघा. गिऱ्हाईक ‘खरखर’, ‘घरघर’, ‘फरफर’ यातला कुठलाही शब्द कशालाही वापरतं आणि त्यावरून मला फार काही कळत नाही. ‘चार्जर काढला की थांबतो’ एवढं वाक्य कुणी बोललं की माझं निम्मं काम झालेलं असतं.

आधी तंबोरा. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. या भागात घराघरात कुणीतरी गाणं शिकतं, त्यामुळे तंबोऱ्याच्या ॲपची तक्रार माझ्याकडे नवी नाही. तंबोऱ्याच्या आवाजात मुळातच एक घरघर असते, ती म्हणजे जवारी. घोडीच्या रुंद पाठीवर तार अलगद घासते, तारेखाली दोरा सरकवून ती जागेवर आणतात, आणि त्या घासण्यातूनच वरचे स्वर झळाळून बाहेर पडतात. खऱ्या तंबोऱ्यात खाली भरदार षड्ज असतो, त्यावर ही झळाळी शोभते. टॅबच्या स्पीकरचा पडदा नखाएवढा, डबी काडेपेटीपेक्षा लहान. साधारण ३००-४०० हर्ट्झच्या खाली तो दमतो. काळी १ ला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार ७० हर्ट्झच्या आसपास वाजते. टॅबला तो स्वर काढताच येत नाही. खालचा भरदारपणा गळून जातो आणि वरची जवारी तेवढी उघडी पडते. कान म्हणतो, स्पीकर फाटला.

म्हणून पहिली परीक्षा अशी करा. तुम्ही काळी ४ ला गात असाल तर तंबोरा काळी ४ वर लावा, मग एकेक पट्टी वर-खाली करत जा. घरघर प्रत्येक पट्टीत सारखी राहून सुराबरोबर सरकत असेल, तर ती जवारी आहे, टॅबचा दोष नाही. पट्टी खाली नेत गेल्यावर घरघर वाढत जाऊन आवाज चिरकत असेल, तर स्पीकरवर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं पडतंय. आणि एखाद्याच पट्टीला, एखाद्याच स्वराला नेमकी घरघर उठत असेल, एक पट्टी पुढे गेलं की गप्प होत असेल, तर काहीतरी वस्तू सैल आहे आणि त्या स्वराला ती थरथरते.

ती सैल वस्तू टॅबमध्येच असेल असंही नाही. शहापुरातल्या एका आजोबांनी टॅब तीनदा माझ्याकडे आणला. दुकानात एकदाही घरघर ऐकू आली नाही. शेवटी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. टॅब देवघराच्या फळीवर उभा करून ते अभंग लावायचे. अभंग सुरू झाला, ठराविक ओळीला घरघर उठली. मी टॅबला हात न लावता शेजारच्या पितळी ताम्हनातली पळी उचलली. आवाज बंद. पळी परत ठेवली, आवाज सुरू. पळीचं टोक ताम्हनाच्या काठाला जेमतेम टेकत होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी हे सांगतो: टॅब पलंगावर, घडी घातलेल्या चादरीवर ठेवून वाजवा. मागचं कव्हर काढा. सिमचा ट्रे सैल असेल तर तो बाहेर काढून वाजवून बघा, बारीक झिणझिण पुष्कळदा त्या ट्रेची असते. स्क्रीनवरच्या काचेचा कोपरा सुटला असेल तर तोही थरथरतो. मग वाजत असताना पाठीवर वेगवेगळ्या जागी बोटाने हलकं दाबत जा.

दाबताना एक गोष्ट मात्र नीट बघा. पाठ फुगलेली वाटतेय का? टॅब सपाट फरशीवर ठेवला तर मधोमध टेकून डुलतो का? स्क्रीन एका बाजूने उचलली गेली आहे का? तसं असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. पाच-सहा वर्षांच्या टॅबमध्ये हे नवलाचं नाही, त्यातून तो दिवसरात्र चार्जिंगला असेल तर नाहीच नाही. मग दाबू नका, चार्जिंगला लावू नका, आवाजाची बाकी सगळी तपासणी तिथेच थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी आतून पाठीला आणि स्पीकरच्या डबीला रेटते, डबीचं सील सुटतं आणि घरघर सुरू होते. इथे घरघर हा किरकोळ प्रश्न आहे. खरा धोका त्या बॅटरीचा आहे, आणि मुलं घरात असतील तर एक दिवसही थांबू नका.

पाठ सपाट आहे, चादरीवरही घरघर आहे, असं असेल तर पुढची परीक्षा इअरफोनची. तेच ॲप, तीच पट्टी, इअरफोन लावून ऐका. इअरफोनमध्येही तोच चिरका आवाज आला, तर स्पीकर निर्दोष आहे. बिघाड आवाज तयार होतो तिथे आहे. जुन्या टॅबमध्ये दोन-तीन जीबी रॅम असते. तंबोरा, तबला, वर रेकॉर्डिंग आणि मागे उघडं राहिलेलं यूट्यूब, इतकं सगळं चाललं की प्रोसेसरला आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत देता येत नाही आणि मध्ये ‘तड्-तड्’ येतं. बाकीची ॲप बंद करा, स्टोरेज गच्च भरलेलं असेल तर रिकामं करा, टॅब रीस्टार्ट करा. आवाजाच्या सेटिंगमध्ये बेस बूस्ट, इक्वलायझर, डॉल्बी असं काही चालू असेल तर बंद करून ऐका. बेस वाढवणं म्हणजे ज्या स्वरांना स्पीकर आधीच दमतो तेच त्याच्या अंगावर आणखी टाकणं. आणि आवाज ‘दुप्पट’ करणारं एखादं ॲप टाकलेलं असेल तर ते कायमचं काढा. त्या ॲपमुळे स्वराची टोकं छाटली जातात, छाटलेल्या आवाजाने कॉइल (पडद्याला हलवणारं तारेचं वेटोळं) तापते, आणि एकदा कॉइल कडेला घासू लागली की मग खरोखर रिंगरच बदलावा लागतो. अशा ॲपमुळे खराब झालेले रिंगर मी इतके बदललेत की याबाबतीत मी फार आग्रहाने सांगतो.

इअरफोनमध्ये आवाज स्वच्छ आणि स्पीकरमध्ये खराब, असं असेल तर आता स्पीकरकडे वळू. बहुतेक टॅबमध्ये दोन असतात, काहींत चार. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत डावी-उजवी बाजू कमीजास्त करायची एक पट्टी असते. ती पूर्ण डावीकडे नेऊन ऐका, मग पूर्ण उजवीकडे. टॅब फिरवू नका, काही टॅब आडवे-उभे केले की बाजू आपोआप बदलतात. घरघर एकाच बाजूला आली तर चांगलंच. दोन्ही रिंगर एकाच दिवशी जाणं क्वचित, त्यामुळे दोन्ही बाजूंना अगदी सारखी घरघर असेल तर मी पुन्हा सॉफ्टवेअरकडे बघतो.

आता जाळी. उन्हात धरून भिंगाने बघा. वीस वर्षांत स्पीकरची जाळी बघून टॅब कुठून आला ते ओळखायला मी शिकलो आहे. निपाणीकडचा असेल तर जाळीत तंबाखूची पिवळसर भुकटी, हात लावला की शिंक येते. वडगावच्या माग असलेल्या घरातला असेल तर सुताची लव, दाबून नमदा झालेली. तुमच्या खानापूरच्या कौलांच्या आणि मडक्यांच्या मातीचा लाल थर. ही तिन्ही धूळ तशी साधी. आवाज दबतो, बोळक्यातून बोलल्यासारखा येतो. मऊ, कोरड्या टूथब्रशने, टॅब उलटा म्हणजे जाळी जमिनीकडे करून, हलकं झाडलं की निम्मी निघते. सुई, टाचणी, सेफ्टीपिन यातलं काही जाळीत घालू नका. जाळीच्या मागे अगदी जवळ पडदा असतो. तोंडाने फुंकूही नका, थुंकीची वाफ आत जाते. टायरच्या दुकानातल्या हवेने तर पडदा उलटा होतो, तेही मी पाहिलंय.

चौथी धूळ वेगळी आहे, ती उद्यमबाग आणि मच्छे भागातली. फाउंड्री, ग्राइंडिंग, टर्निंग. तिथे काम करणाऱ्याच्या खिशातून, डब्याच्या पिशवीतून लोखंडाचा बारीक कीस घरी येतो. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. तो हा कीस जाळीतून आत ओढून घेतो. भिंगाखाली बघितलं तर पडद्यावर काळे बारीक केस ताठ उभे राहिलेले दिसतात, साळिंदराच्या काट्यांसारखे, आणि आवाज वाजवला की ते सगळे एकदम थरथरतात. तीच घरघर. ब्रशने ते निघत नाहीत, ब्रश फिरवला की वाकतात आणि परत उभे राहतात. मी पोस्टर चिकटवायचा मऊ निळा गोळा असतो त्याचा बारीक तुकडा घेऊन, पडद्याला न दाबता, एकेक केस टिपून काढतो. तासभर लागतो. कीस पडद्याच्या कडेने कॉइलच्या फटीत उतरला असेल तर मात्र काही इलाज नाही, रिंगर बदलायचाच.

तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर उद्यमबागेत कामाला आहेत आणि टॅबला चुंबकाने बंद होणारं फ्लिप कव्हर आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचून मी थबकलो. कव्हरचा चुंबकही कीस धरून ठेवतो आणि कव्हर मिटलं की तो स्पीकरच्या जाळीजवळ येतो. कव्हरच्या आतल्या कडेवरून पांढरा कागद फिरवून बघा. कागदावर काळी रेघ उमटली आणि ती दुसऱ्या चुंबकाला चिकटली, तर तुमच्या घरघरीचं उत्तर बहुतेक तिथेच आहे. एवढा तपशील तुम्ही लिहिलात म्हणून हे सुचलं, नाहीतर मीसुद्धा आधी बेस बूस्टच बघत बसलो असतो.

खानापूरचा पाऊस हा आणखी एक विषय. कणकुंबी, जांबोटी, लोंढ्याकडून जून ते सप्टेंबर माझ्याकडे जे टॅब येतात, त्यांत पाण्यात पडलेले थोडे आणि नुसत्या दमट हवेने बिघडलेले जास्त. बऱ्याच टॅबमध्ये रिंगरला वायर नसते. बोर्डावरच्या दोन बारीक स्प्रिंगच्या पत्त्या रिंगरच्या चकत्यांवर नुसत्या टेकलेल्या असतात. दमट हवेने त्यावर हिरवट-काळा थर धरतो. मग आवाज तुटक येतो, ‘खर्र’ होऊन जातो, टॅब पिळल्यासारखा धरला की बरा होतो. रिंगर ठणठणीत असतो. पाठ उघडून पत्त्या आणि चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, पत्त्या किंचित वर उचलल्या की काम होतं. हे दहा मिनिटांचं काम आहे. रिंगर बदलल्यावर टॅब सुधारला असं वाटतं, तेव्हाही कित्येकदा सुधारलेल्या असतात त्या पत्त्याच, कारण नवा रिंगर बसवताना त्या आपोआप घासल्या जातात.

ओल शिरल्याचा संशय असेल तर टॅब बंद करून, जाळी खाली करून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात दोन दिवस ठेवा. तांदळात नको, तांदळाची पूड जाळीत शिरते. चुलीच्या उबेला किंवा हेअर ड्रायरखालीही नको, आतली चिकटपट्टी ढिली पडते. सॅनिटायझर लावून जाळी पुसू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

इथपर्यंतचं घरघरीबद्दल झालं. चादरीवर ठेवून आणि पट्टी बदलून बघितलं, इअरफोनने ऐकलं, डावं-उजवं केलं, जाळी आणि कव्हर तपासलं, हे सगळं घरी बसून अर्ध्या तासात होतं आणि काहीही उघडावं लागत नाही.

आता देवळातला ‘गुंऽऽ’. इथे मी ठाम आहे, हा आवाज टॅबच्या रिंगरचा नाही. तुम्हीच लिहिलंय की टॅब केबलने साउंड बॉक्सला जोडलेला असतो आणि चार्जर लावला की सुरू होतो. केबल लावल्यावर टॅबचा स्वतःचा स्पीकर बंदच असतो, आवाज साउंड बॉक्समधून येतोय.

कारण असं. टॅबचा चार्जर दोन पिनांचा, त्याला अर्थिंग नाही. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. त्यातून अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह झिरपत राहतो. धातूच्या पाठीचा टॅब चार्जिंगला असताना हात फिरवला की बारीक मुंग्या येतात, त्या याच्याच. चांगल्या चार्जरमध्ये हे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत असतं. दुसरीकडे साउंड बॉक्स तीन पिनांचा असेल तर तो अर्थला जोडलेला. टॅबमधला झिरपा ऑडिओ केबलच्या आतल्या तारांच्या जाळीतून साउंड बॉक्सकडे वाट काढतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवून ऐकवतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हा आवाज जाड, खर्जातला ‘गुंऽऽ’ असतो.

खात्री करायची असेल तर भजन चालू असताना चार्जर टॅबपासून उपटा. तत्क्षणी गप्प झालं तर निदान पक्कं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे देवळात जाण्याआधी टॅब पूर्ण चार्ज करा आणि भजनाला बॅटरीवर चालवा. लांबलचक सप्ताह असेल तर पॉवर बँक लावा. ती भिंतीच्या विजेला जोडलेली नसल्याने ‘गुं’ येणार नाही. ब्लूटूथने साउंड बॉक्सला जोडला तर केबलच उरत नाही. कायम चार्जर लावूनच वाजवायचं असेल तर दोन्हींच्या मधे घालायचा ऑडिओ आयसोलेटर मिळतो, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, तो लावा.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितली तरी करू नका. साउंड बॉक्सच्या प्लगची अर्थची पिन काढली की ‘गुं’ जातो, हे खरं आहे, आणि मंडपांत ही युक्ती सर्रास चालते. त्या अर्थच्या तारेवर माइक धरणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, अनवाणी उभ्या राहिलेल्या टाळकऱ्याच्या हातात माइक असतो, एवढं डोळ्यांसमोर आणा.

चार्जरबद्दल अजून एक खूण. चार्जिंगला असताना स्क्रीन वेड्यासारखी वागत असेल, बोट न लावता ॲप उघडत असतील, टाइप करताना भलतीच अक्षरं उमटत असतील, तर चार्जर हलका आहे. तो आवाजातही घाण घालतो आणि टचमध्येही. टॅबसोबत आलेला चार्जर लावून बघा, फरक लगेच कळेल.

भजनात कधी ‘गुं’ऐवजी ‘टिट्-टिरिट्-टिरिट्’ असा आवाज आला, तर तो वेगळाच पाहुणा. जवळ ठेवलेला कुणाचातरी फोन टू-जीवर रेंज शोधतोय. जीएसएमचा, म्हणजे टू-जीवर चालणारा फोन एका सेकंदात २१७ वेळा झटके मारत लहरी सोडतो, ते झटके केबलमध्ये उतरतात. रेंज कमी तेवढा फोन जास्त जोर लावतो, म्हणून जंगलाकडच्या गावांत हा त्रास अधिक. फोन तीन-चार फूट लांब ठेवला की संपला. टॅबमध्येच सिम असेल तर रियाजाच्या वेळी एअरप्लेन मोड लावा.

रात्रीचा ‘टक्’ मी थोडक्यात संपवतो, कारण तो बहुतेक निरुपद्रवी आहे. आवाज नसताना वीज वाचवायला टॅब ॲम्प्लिफायर झोपवून टाकतो. एखादी सूचना आली की तो जागा होतो आणि जागा होताना पडद्याला बारीक धक्का बसतो. सूचनेचा आवाज तुम्ही बंद ठेवलेला असला तरी काही टॅबमध्ये हा धक्का ऐकू येतो. दिवसा कळत नाही, रात्री कळतो. आज रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, सेटिंगमधले टच साउंड, लॉक साउंड आणि चार्जिंग साउंड बंद करा. ‘टक्’ गेला तर विसरून जा. तरीही येत असेल तर सेफ मोडमध्ये एक रात्र ठेवून बघा, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात. सेफ मोडमध्ये थांबला तर एखाद्या ॲपचं काम आहे, शेवटी टाकलेलं ॲप आधी काढा. सेफ मोडमध्येही दर काही मिनिटांनी जोराचा ‘फट्’ येत असेल, तेव्हाच मी बोर्डावरच्या ऑडिओ आयसीकडे, म्हणजे आवाजाच्या चिपकडे बघेन. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

आणि कधी बारीक ‘चींऽ’ अशी शिटी ऐकू आली तर ब्राइटनेस कमीजास्त करा. शिटीचा सूर बदलला तर ती स्पीकरमधून येतच नाही, स्क्रीनच्या उजेडाला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधले बारीक भाग गातात. मग रिंगर बदलून काय मिळणार?

आता तुमचा मूळ प्रश्न, खर्च करावा का. मी तुमच्या जागी असतो तर आज बोर्डाला हात लावू दिला नसता. इअरफोनमध्ये आवाज स्वच्छ असेल तर बोर्डावर संशय घ्यायला जागा फार कमी उरते. आधी वर सांगितलेल्या घरच्या परीक्षा करा. घरघर एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये आहे असं ठरलं तर दुकानात जा, कुठल्याही, त्याच दुकानात गेलात तरी चालेल, आणि दोनच गोष्टी मागा: ‘पाठ उघडून पत्त्या साफ करा, आणि रिंगर मीटरवर दाखवा.’ मीटरची दोन टोकं रिंगरच्या चकत्यांना लावली की आकडा दिसतो. ८ ओहमचा रिंगर असेल तर ७ च्या आसपास, ४ ओहमचा असेल तर चाराच्या जरा खाली. दुसऱ्या बाजूचा रिंगरही मोजायला सांगा, दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. आकडा बरोबर असूनही घरघर असू शकते, कारण पडदा फाटला किंवा फटीत कीस गेला तर मीटरला ते कळत नाही. तेव्हा भिंगाखाली पडदा बघायला मागा, चांगला कारागीर नाही म्हणणार नाही.

रिंगर बदलायचाच ठरला तर डबीसकट बदला आणि कडेची फोमची पट्टी नवी लावून घ्या. डबीत हवा कोंडलेली राहिली पाहिजे. ती कडेने गळली की नवाकोरा रिंगरसुद्धा पातळ आणि फाटका वाजतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं की डुप्लिकेट घातला. बसवून झाल्यावर दुकानातच काळी १ चा तंबोरा लावून ऐका. सिनेमाच्या गाण्यात लपलेला दोष तंबोऱ्याच्या एकसारख्या स्वरात पटकन उघडा पडतो. मी स्वतः आता प्रत्येक स्पीकर तंबोऱ्यावरच तपासतो, ही गोष्ट तुमच्यासारख्याच गाणं शिकणाऱ्या एका वहिनींनी मला शिकवली.

कागदावरच्या रेघेचं काय झालं ते जरूर कळवा. आणि बेळगावला टॅब घेऊन येणार असाल, कुणाकडेही, तर कव्हर आणि चार्जर दोन्ही सोबत आणा. नुसता टॅब आणला तर तुमच्या तीन आवाजांपैकी दोन घरीच राहतील.